तीन लाख किलोमीटर झालेली पिकअप: गाडी कधी थांबणार हे तुम्ही ठरवा, गाडीने नाही

मागच्या बॅचला एका मुलाने सरळ प्रश्न टाकला, "सर, सेकंडहँड पिकअप बघितलीय. दोन लाख किलोमीटर झालेत. घेऊ का नको?" मी त्याला विचारलं, "महिन्याला मेंटेनन्सला किती बाजूला काढणार?" तो म्हणाला, "बिघडली की करू की!"

हाच तो प्रॉब्लेम. गाडी घेताना आपण किंमत विचारतो, ॲव्हरेज विचारतो, टायर बघतो. आणि घेतल्यावर "बिघडली की करू" या एका वाक्यावर अख्खा धंदा चालवतो. मीही तसाच चालवला. त्याची फी किती बसली ते आज पैशांसकट सांगतो. व्हिडिओत पंधरा मिनिटांत सगळं बसलं नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

माझं शिरूरला पाईप, फिटिंग, ठिबकचं सामान आणि मल्चिंग पेपरचं दुकान आहे. गिऱ्हाईक अर्धं शिरूर तालुक्यातलं, अर्धं भीमेच्या पलीकडचं, म्हणजे दौंड तालुक्यातलं. पारगाव, केडगाव, चौफुला, वरवंड, पाटस. दुकानाची बोलेरो पिकअप मी १ लाख ८० हजार किलोमीटर झालेली असताना घेतली. आज मीटर ३ लाख १० हजारांच्या पुढे आहे आणि गाडी रोज माल टाकतेय. पण मधे एकदा तिने मला चांगलंच जमिनीवर आणलं.

त्या दिवशी काय झालं

एप्रिल महिना. आमच्या धंद्यात एप्रिल-मे म्हणजे दिवाळी, कारण शेतकरी पाईपलाईन याच दिवसांत करतो. केडगावजवळच्या एका शेतकऱ्याची साडेतीन इंची पाईपची मोठी ऑर्डर होती. चारी खोदायला जेसीबी तासावर लावलेला, मजूर सांगितलेले. सकाळी सातला आमचे ड्रायव्हर मामा माल भरून शिरूरहून निघाले.

न्हावरे सोडलं आणि रेडिएटरचा खालचा होज पाईप फुटला. सगळं पाणी रस्त्यावर. मामांनी काटा बघितला, तर काटा वर जायच्या ऐवजी खाली आलेला! त्यांना वाटलं गाडी थंड झाली. खरं कारण वेगळं होतं. तापमान मोजणारा सेन्सर पाण्यात बुडालेला असतो तोवरच नीट सांगतो. पाणीच संपलं की तो नुसत्या हवेत-वाफेत लटकतो आणि काटा खोटं बोलायला लागतो. इंजिन आतून भाजत होतं आणि डॅशबोर्ड म्हणत होता सगळं ठीक आहे. सहा-सात किलोमीटर गाडी तशीच पळाली. पारगाव जवळ आलं तशी पिकअप मेली, मग इंजिन आपोआप बंद.

हेड वाकलं होतं, गॅस्केट उडालं होतं. हेड उतरवून पुण्याला प्लेन करायला पाठवलं, गॅस्केट सेट, वॉल्व्हचं काम, ऑईल, कूलंट, मजुरी. बिल ४६ हजार. गाडी नऊ दिवस उभी. ऐन सीझनमध्ये रोज भाड्याची गाडी, सरासरी २,५०० धरा, म्हणजे साडेबावीस हजार. झाले ६८,५००. आणि त्या शेतकऱ्याने दुपारपर्यंत वाट बघून चौफुल्यावरून दुसऱ्याच दुकानातून पाईप आणले. त्यांची तरी काय चूक? जेसीबीचं मीटर चालू होतं. पण ते गिऱ्हाईक परत माझ्याकडे आलं नाही. त्या नुकसानीचा आकडा माझ्या वहीत कुठेच नाही.

फुटलेल्या होजची किंमत होती साडेतीनशे रुपये.

आता यातली खरी लाजेची गोष्ट. मी पहिल्यांदा मामांवरच चिडलो. तुम्हाला कळत नाही का, काटा खाली आला तरी बोनेट उघडून बघायचं नाही का, वगैरे. मामा काही बोलले नाहीत. रात्री घरी जाताना एवढंच म्हणाले, "महिन्याआधी सांगितलं होतं तुम्हाला, पाणी कमी होतंय म्हणून." आणि सांगितलंच होतं! मी काउंटरवर बसून मान वर न करता म्हणालो होतो, "टाका पाणी, बघू सीझन झाल्यावर."

म्हणून या लेखात मी ड्रायव्हरला दोष देणार नाही. बीबीए करताना कॉस्ट अकाउंटिंग शिकलो होतो, पण साडेतीनशे रुपयांचा होज वेळेवर बदलायला डिग्री लागत नाही, ऐकायला कान लागतो.

पाणी: आपल्या भागातला सगळ्यात मोठा दुश्मन

शिरूर-दौंड पट्ट्यात बोअरचं पाणी कसं आहे ते तुम्हाला सांगायला नको. नळाच्या तोटीवर पांढरा थर बसतो, सोलरच्या पाईपमध्ये क्षार धरतो. तेच पाणी आपण रेडिएटरमध्ये ओततो. इंजिनच्या उष्णतेने क्षार सुटतो आणि आतल्या बारीक नळ्यांना चिकटतो. बाहेरून रेडिएटर नवा कोरा दिसतो, आतून अर्धा बंद. मग रिकामी गाडी बरोबर चालते, पण दीड टन माल टाकून मे महिन्याच्या दुपारी बाराला चढाला लावली की काटा चढायला लागतो.

त्यामुळे पहिला नियम: जुन्या गाडीत बोअरचं पाणी बंद. कूलंट टाका, तेही मॅन्युअलमध्ये दिलेलं, आणि ते पातळ करायचं असेल तर डिस्टिल्ड वॉटर किंवा आरओचं पाणी वापरा. बरेच जण म्हणतात, कूलंट म्हणजे हिरवं पाणी, कंपनीचा पैसे काढायचा धंदा. नाही. कूलंट गंज रोखतो आणि पाण्याचा उकळबिंदू वाढवतो.

दुसरी स्वस्त वस्तू म्हणजे रेडिएटरचं झाकण. या झाकणात स्प्रिंग असते, ती आत दाब धरून ठेवते. साधारण एक बारच्या आसपास दाब असेल तर आतलं पाणी १०० अंशांना उकळत नाही, ११५-१२० पर्यंत तग धरतं. प्रेशर कुकरचंच तत्त्व. झाकणाचं रबर कडक झालं, दाब धरेना, की पाणी लवकर उकळतं आणि ओव्हरफ्लोमधून बाहेर जातं. मग आपण म्हणतो, "लीकेज कुठेच दिसत नाही, पाणी जातंय कुठं?" झाकण बदलून बघा आधी. आणि हो, गरम इंजिनचं झाकण कधीही उघडायचं नाही. हाताला फडकं गुंडाळूनसुद्धा नाही.

होज कसा ओळखायचा? इंजिन थंड असताना दाबून बघा. फुगलेला, मऊ पडलेला, क्लिपजवळ चिरलेला किंवा दाबल्यावर कुरकुर वाजणारा होज काढून टाका. वरचा बदलला तर खालचाही त्याच दिवशी बदला. दोघांचं वय एकच आहे. फॅन बेल्टचंही तसंच. मी आता होज आणि बेल्ट ६० हजार किलोमीटरला डोळे झाकून बदलतो. चांगले दिसत असले तरी. काढलेला बेल्ट फेकत नाही, सीटमागे ठेवतो, रस्त्यात अडलो तर घरापर्यंत आणतो.

आता थर्मोस्टॅट. आपल्याकडे काही मिस्त्री सर्रास तो काढून टाकतात. "उन्हाळ्यात गरज नाही, काढला की गाडी गरम होत नाही." मी या सल्ल्याच्या पूर्ण विरोधात आहे. थर्मोस्टॅट काढला की इंजिन त्याच्या बरोबर तापमानाला लवकर पोचतच नाही. थंड इंजिन डिझेल जास्त खातं, झीजही जास्त होते. आणि रेडिएटर चोक असेल तर तो आजार झाकला जातो, बरा होत नाही.

रेडिएटर बाहेरूनही बंद होतो. आपल्या भागात तर फारच. पिकअपने परतीला कांदा वाहता ना? कांद्याची पातळ साल उडून समोरच्या जाळीत जाते आणि रेडिएटरच्या पत्र्यांना गोधडीसारखी चिकटते. ऊस गाळपाच्या दिवसांत, दिवाळीनंतर मार्चपर्यंत, ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या मागे जाताना पाचट आणि धूळ. आठवड्यातून एकदा पाण्याची साधी नळी घेऊन इंजिनच्या बाजूने बाहेरच्या दिशेला धुवा. वॉशिंग सेंटरचं जोराचं प्रेशर मारू नका, पत्रे वाकतात आणि वारा कायमचा बंद होतो.

किलोमीटर खोटं बोलतं, तास खरं बोलतात

तुमच्या आजोबांनी विहिरीवर डिझेल इंजिन चालवलं असेल. किर्लोस्कर ऑईल इंजिन्स ही कंपनी १९४६ साली पुण्यात सुरू झाली आणि महाराष्ट्रात "इंजिन" म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर तेच यायचं. त्या इंजिनला मीटर नव्हता, ते जागचं हलतच नव्हतं. ऑईल बदलायचा हिशोब तासांवर. इतके तास चाललं की ऑईल बदला.

आपण गाडीला आलो आणि तास विसरलो. समजा कंपनी म्हणते १० हजार किलोमीटरला ऑईल बदला. गाडी सरासरी ताशी ४० ने चालली तर ते झाले २५० तास. आता तुमची पिकअप बघा. मार्केटला लाईनमध्ये उभी, इंजिन चालू. माल उतरवताना चालू. ड्रायव्हरला एसी किंवा फोन चार्जिंग हवं म्हणून चालू. रोज तीन तास जरी असं जागेवर चाललं तरी २५ दिवसांचे ७५ तास. म्हणजे इंजिनने ३ हजार किलोमीटर धावल्याइतका वेळ काम केलं आणि मीटर एक किलोमीटरनेही पुढे गेला नाही!

म्हणून मी ऑईल ८ हजारांवर बदलतो, आणि ज्या महिन्यात मार्केटच्या फेऱ्या जास्त त्या वेळी अजून आधी. ग्रेड मॅन्युअलमध्ये असेल तीच. बीएस-सहा गाडीत डीपीएफ असेल तर ऑईलच्या बाबतीत अजिबात तडजोड नको, त्यांना कमी राखेचं ऑईल लागतं. चुकीच्या ऑईलने डीपीएफ आतून भरत जातो आणि तो साफ होत नाही. १ एप्रिल २०२० नंतरची गाडी सेकंडहँड घेणाऱ्यांनी हे आधी तपासा.

ऑईलची पट्टी रोज बघायची, सकाळी, गाडी सपाट जागेवर असताना. लेव्हल कमी झाली हे सगळ्यांना कळतं. लेव्हल वाढली तर लोक खुश होतात! लेव्हल वाढणं जास्त वाईट. म्हणजे ऑईलमध्ये डिझेल किंवा पाणी उतरतंय. पट्टीवर किंवा झाकणाच्या आतल्या बाजूला दुधाच्या चहासारखा रंग दिसला तर गाडी तिथेच उभी करा, मिस्त्रीला बोलवा.

आणि टर्बो. हायवेवर माल ओढून आल्या आल्या चावी बंद करायची नाही. टर्बो प्रचंड वेगाने फिरत असतो, तापलेला असतो आणि त्याला थंडावा आणि वंगण दोन्ही ऑईलच देतं. इंजिन बंद, ऑईल बंद. आल्यावर अर्धा-एक मिनिट इंजिन जागेवर चालू राहू द्या, मग चावी. मामा तेवढ्यात तंबाखू मळतात. चालतंय.

हवा आणि डिझेल

एअर फिल्टर कंप्रेसरने मारताना हवा आतून बाहेर मारायची. बाहेरून आत मारली की धूळ कागदात आणखी खोल घुसते. दोन-तीन वेळा साफ केल्यावर नवा टाका. फिल्टरची किंमत काही शेकड्यांत, आणि फाटक्या फिल्टरमधून आत गेलेली माती पिस्टन रिंगला सँडपेपरसारखी घासते. मग ऑईल जळायला लागतं, निळा धूर, आणि मिस्त्री म्हणतो इंजिन काम काढलंय. काळा धूर असेल तर घाबरू नका, पहिलं एअर फिल्टर बघा, मग इंजेक्टर. पांढरा धूर सकाळी थोडा वेळ आला तर ठीक, गरम झाल्यावरही येत राहिला आणि पाणीही कमी होत असेल तर गॅस्केटची शंका घ्या.

डिझेलचं सांगायचं तर आताच्या कॉमन रेल इंजिनमध्ये डिझेल हजार बारच्याही वरच्या दाबाने इंजेक्टरमध्ये जातं. तुलनेला सांगतो, तुमच्या टायरमध्ये तीन-चार बार असते. एवढ्या दाबाला पाण्याचा थेंब किंवा बारीक कचरा गेला तर इंजेक्टर आणि पंप दोन्ही खराब होतात, आणि त्यांचं बिल बघून झोप उडते. डिझेल फिल्टरखाली पाणी काढायचा स्क्रू असतो. पावसाळ्यात दर आठवड्याला, एरवी पंधरा दिवसांनी थोडं डिझेल काढून काचेच्या बाटलीत बघा. खाली पाण्याचा थर दिसला तर पंप बदला, म्हणजे जिथे भरता तो पेट्रोल पंप. शेतावर ट्रॅक्टरसाठी ठेवलेल्या बॅरलमधलं डिझेल पिकअपला ओतायची सवय सोडा. आणि टाकी कोरडी होईपर्यंत चालवू नका, तळाचा सगळा गाळ एकदम फिल्टरवर येतो.

खालची बाजू

इथे थोडक्यात सांगतो. प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसला जिथे ग्रीस निपल असेल तिथे वेळेवर ग्रीस. गियर टाकताना "कटक्" आवाज येतो तो बहुतेक वेळा क्रॉसचा. पाट्यांचे यू-बोल्ट खड्ड्यांच्या रस्त्यावर ढिले होतात, महिन्याला एकदा पाना लावा. टायरच्या खाचेत बारीक उंचवटे असतात, ते १.६ मिलीमीटरची खूण आहे. रबर झिजून तिथपर्यंत आलं की तो टायर कायद्यानेही संपला.

पण ब्रेकवर एक मिनिट थांबतो. जादा पाटा टाकून लोक गाडी "मजबूत" करतात. पाट्याने फक्त गाडी वाकायची थांबते. ब्रेक, ॲक्सल, बेअरिंग, टायर सगळं आधीचंच आहे! गाडीने किती वजन न्यायचं ते आरसीवर लिहिलेलं आहे. त्यावर जाल तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर ओव्हरलोडला २० हजार रुपये दंड आणि वर प्रत्येक जादा टनाला २ हजार. दंड एक वेळ भरता येईल. वाशी मार्केटला कांदा घेऊन बोरघाट उतरताना ब्रेक तापून पॅडल खाली गेलं तर काय भरणार? उताराला लहान गियर, पाय सतत ब्रेकवर नाही, आणि ब्रेक ऑईल दोन वर्षांनी बदलायचंच. ते हवेतली ओल शोषून घेतं, मग तापल्यावर आत वाफ होते आणि ब्रेक लागत नाही. मामांनी "पॅडल मऊ लागतंय" म्हटलं की गाडी त्या दिवशी माल घेऊन जात नाही. हा एकच विषय आहे जिथे मी गिऱ्हाइकाला थांबायला सांगतो.

आता पैशांचं बोलू

माझ्या वहीतले आकडे देतो. तुमचे वेगळे येतील, पण पद्धत हीच वापरा. चार टायर २८ हजार, ४५ हजार किलोमीटर चालतात, म्हणजे किलोमीटरला ६२ पैसे. ऑईल आणि सगळे फिल्टर साडेपाच हजार, दर ८ हजारांना, ६९ पैसे. क्लच सेट मजुरीसकट १४ हजार, लाखभर किलोमीटर, १४ पैसे. ब्रेकचे लायनर-पॅड ५ हजार, ३० हजार किलोमीटरला, १७ पैसे. बॅटरी ८ पैसे. कूलंट, होज, बेल्ट मिळून ६ हजार, ६० हजार किलोमीटरला, १० पैसे. पाटे, बुश, क्रॉस १२ हजार, तेवढ्याच किलोमीटरला, २० पैसे. बेरीज केली तर बरोबर २ रुपये.

यावर मी आणखी १ रुपया मोठ्या कामासाठी धरतो: इंजेक्टर, टर्बो, इंजिन, गियरबॉक्स. जुनी गाडी आहे, कधीतरी येणारच. एकूण ३ रुपये किलोमीटर. माझी गाडी महिन्याला साधारण ३ हजार किलोमीटर चालते, म्हणजे ९ हजार. दर शनिवारी मीटर बघायचा आणि त्या आठवड्याचे पैसे वेगळ्या खात्यात टाकायचे. गल्ल्यात ठेवायचे नाहीत, गल्ल्यातले पैसे कधी माल भरायला गेले ते कळत नाही. या खात्याला माझी बायको "पिकअपची भिशी" म्हणते.

आणि भाडं लावताना हे ३ रुपये धरा. मी कित्येक मुलं बघितलीत जी डिझेल आणि ड्रायव्हर एवढंच मोजून भाडं सांगतात. ९० च्या आसपासचं डिझेल, १२ चं ॲव्हरेज, म्हणजे साडेसात रुपये किलोमीटर. त्यांना वाटतं बाकी सगळा नफा. तो नफा नाही, ते तुमचे टायर आहेत.

"मग नवीनच घेतलेली काय वाईट?" वाईट नाही. ८ लाखांचं कर्ज १० टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतलं तर हप्ता १७ हजारांच्या जवळ जातो, आणि नव्या गाडीलाही ऑईल-टायर लागतातच. ज्याचा धंदा रोज शंभर-दीडशे किलोमीटरचा आणि पक्का आहे त्याने नवीन घ्यावी. पहिलं-दुसरं वर्ष असेल, फेऱ्या कमी-जास्त होत असतील तर जुनी गाडी आणि ही भिशी. जुनी कधी विकायची? माझा ठोकताळा असा: सगळं वेळेवर करूनही सहा महिन्यांत दोनदा वेगवेगळ्या कारणांनी रस्त्यात बंद पडली, किंवा चॅसीला गंजून भेग दिसली, तर विका. चॅसीवर वेल्डिंग मारून माल वाहू नका. शिवाय गाडी आठ वर्षांची झाली की फिटनेस दरवर्षी करावं लागतं, त्याआधी दोन वर्षांनी. तो खर्च आणि ते एक-दोन दिवसही हिशोबात धरा. फिटनेस संपलेलं असताना अपघात झाला तर इन्शुरन्सचा क्लेम अडकू शकतो, हे तर ध्यानात ठेवाच.

ड्रायव्हरची वही

रांजणगाव एमआयडीसीत कामाला असलेल्या तुमच्या भावाला किंवा मित्राला "टीपीएम" विचारा, त्याला माहीत असेल. मशीन चालवणाऱ्यानेच रोज मशीन पुसायचं, ऑईल बघायचं, काही वेगळं वाटलं तर लगेच सांगायचं. जपानमध्ये निप्पॉनडेन्सो या टोयोटाला पार्ट पुरवणाऱ्या कंपनीत ही पद्धत बसवली गेली आणि १९७१ साली त्यांना त्यासाठी तिथलं बक्षीस मिळालं. यातली मुख्य गोष्ट मला फार पटते: बिघाडाची पहिली चाहूल मिस्त्रीला लागत नाही, रोज हात लावणाऱ्याला लागते.

त्या एप्रिलनंतर मी गाडीत एक शंभर पानी वही ठेवली. सकाळी मामा पाच मिनिटांत ऑईल, कूलंट, टायर, ब्रेक पॅडल, गाडीखाली डाग आहे का, एवढं बघतात आणि लिहितात. मीटर लिहितात. रात्री मी सही करतो.

सुरुवातीला मी एक चूक केली. म्हणालो, महिनाभर गाडी बंद पडली नाही तर ५०० रुपये बक्षीस. दोन महिन्यांत लक्षात आलं की मामा आता काहीच तक्रार करत नाहीत! बक्षीस जाईल म्हणून. मग उलटं केलं. आता ५०० रुपये वही पूर्ण भरली म्हणून मिळतात, आणि रस्त्यात बंद पडायच्या आधी एखादा बिघाड शोधून सांगितला तर वरचे २००. गेल्या पावसाळ्यात त्यांनी मागच्या चाकाला हात लावून "हे चाक दुसऱ्यापेक्षा गरम आहे" असं लिहिलं. उघडलं तर बेअरिंग चाललं होतं. सोमवारी दुकान बंद असतं, त्या दिवशी बदलून घेतलं. कुणाचाही माल अडला नाही.

कॅबिनमध्ये एका डब्यात जुना बेल्ट, एक होज, चार क्लिपा, फ्यूज, डिझेल फिल्टर, टेप, टॉर्च आणि पाच लिटर कूलंटचा कॅन आहे. सगळं मिळून दोन हजारांच्या आत. न्हावरे ते पारगाव रस्त्यावर रात्री नऊनंतर यातलं काहीही मिळत नाही, हे मी स्वतः उभं राहून बघितलंय.

आज रात्री वहीत मामांनी लिहिलंय: "क्लच वर पकडतोय." मीटर ३,१०,४६२. मागचा क्लच २ लाख १५ हजारांना टाकला होता, म्हणजे ९५ हजार झाले. भिशीत पैसे आहेत. दौंडच्या मिस्त्रींना फोन केला, येत्या सोमवारी सकाळी आठला गाडी त्यांच्या दारात असेल. रविवारी वरवंडची एक फेरी आहे, ती मी अर्ध्या लोडवर पाठवतोय.